निवास-न्याहारीवालेही फसतात

बनावट हॉटेल बुकिंगपासून पर्यटकांनी कसे सावध राहावे, हे सांगणारे आपल्या अंकातील वृत्त वाचले. माहिती उपयुक्त, पण एकाच बाजूची. तारकर्ली-देवबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत निवास-न्याहारी चालवणारेही असेच फसतात. फोनवरचा माणूस स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, एकदम चार-पाच खोल्या घेतो, जेवणात सुरमई हवी की पापलेट हेही ठरवतो. मग ‘आगाऊ रक्कम पाठवतोय, एवढा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. पिन टाकला की खात्यातले पैसे गेलेच!

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, एवढी साधी गोष्ट अजून वाडीवाडीत पोहोचलेली नाही. निवासाची नोंदणी करताना पर्यटन खात्याने आणि खाते उघडताना बँकेने ती ठळक मराठीत लेखी द्यावी. सोबत सायबर फसवणूक कळवण्याचा १९३० हा मदत क्रमांकही छापावा. तिथे लगेच कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता असते. आपल्याकडे मात्र गावात हसे होईल म्हणून माणूस आधी दोन दिवस गप्प बसतो, मग पोलीस ठाण्याची पायरी चढतो.

– एक वाचक, मालवण