ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप दुकानातून उचलून तपासा : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करते. घरच्या ग्लुकोमीटरला, म्हणजे रक्तातली साखर मोजणाऱ्या मशीनला, लागणाऱ्या स्ट्रिप (ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात त्या पट्ट्या) सरकारने मेडिकलच्या दुकानांतून स्वतः विकत घ्याव्यात, स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासाव्यात आणि निकाल कंपनीच्या नावासह व बॅच नंबरसह जाहीर करावेत, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतले जे इन्सुलिन घेतात, त्यांच्यासाठी मशीनवरचा आकडा हा नुसता आकडा नसतो. त्यावरून पुढचे इन्सुलिन किती युनिट घ्यायचे हे ठरते. घरच्या ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर (दर डेसिलिटर रक्तामागे) १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमपर्यंतची आणि त्याहून जास्त असेल तर १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, आणि तीही १०० पैकी ९५ वाचनांतच पाळायची असते. याचा अर्थ असा, की एखाद्याची साखर खरोखर ६१ पर्यंत उतरलेली असताना मशीनने ७६ दाखवले, तरी ते मशीन मानकात बसते. ७० च्या खाली साखर गेली की लगेच काहीतरी गोड घ्या, असे आपण प्रत्येक रुग्णाला सांगतो. इथे मात्र रुग्ण ७६ पाहून निश्चिंत झोपी जाईल. ही सूट तांत्रिक कारणांनी द्यावी लागते, हे मला मान्य आहे. पण जिथे नियमानेच एवढी मोकळीक दिलेली आहे, तिथे त्यापलीकडे एक मिलिग्रॅमही सुटता कामा नये, आणि स्ट्रिप दुकानात पोचल्यावर ते कोणी पाहते आहे असे मला तरी दिसत नाही.

रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, कमी असेल तर अनेक मशीन साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. काही नव्या मशीनमध्ये ही चूक दुरुस्त करण्याची सोय असते, काहींत नसते, आणि ती आहे की नाही हे खोक्याच्या आतल्या घडीच्या कागदावर अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि रक्तक्षयात हिमॅटोक्रिट कमीच असते. गरोदर स्त्रियांतही तो निम्म्याहून अधिक जणींना आहे. आपल्याच मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदरपणातला मधुमेह शोधताना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहिली जाते, आणि १४० किंवा त्याहून जास्त आली की त्या बाईला मधुमेह आहे असे धरले जाते. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या एखाद्या बाईच्या बोटातून घेतलेल्या थेंबाने १४६ दाखवले, तर तो मधुमेह आहे की रक्तक्षयामुळे वाढलेला आकडा आहे, हे आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी कशावरून ओळखायचे?

आता साठवणुकीकडे येते. स्ट्रिपवर एन्झाइमचा थर असतो आणि तो उष्णतेने व दमटपणाने खराब होतो, म्हणून डबीच्या आत ओलावा शोषणारा पदार्थ असतो आणि बहुतेक डब्यांवर ३० अंशांच्या आसपासची तापमानमर्यादा लिहिलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. गोदामापासून टेम्पोपर्यंत आणि टेम्पोपासून दुकानाच्या फळीपर्यंत त्या डबीने किती उष्णता सोसली, याची नोंद रुग्णापर्यंत पोचत नाही. कंपनीने परवान्यासाठी कारखान्यातली ताजी स्ट्रिप तपासायला दिली असेल आणि ती उत्तीर्णही झाली असेल. रुग्णाच्या हाती येते ती मात्र दुकानातली. आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी पहिल्या रुग्णाचा नमुना लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असा नमुना, लावले जाते आणि ते मर्यादेत आल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. घरच्या मशीनसाठीही असे कंट्रोल सोल्युशन बनते, पण आमच्या भागातल्या दुकानांत ते मागितले तर बहुतेकदा दुकानदाराला ते काय असते हेच माहीत नसते.

मशीनवर आणि लॅबमध्ये वेगवेगळे आकडे आले की सगळा दोष मशीनचाच असतो, असे मी म्हणणार नाही. आंबा चिरून हात न धुता बोट टोचले तर साखर वाढलेली दिसणारच. जेवणानंतर बोटातले रक्त आणि शिरेतले रक्त यांत फरक राहतोच. आणि लॅबमध्येही नमुना वेळेवर वेगळा केला नाही तर नळीतली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरत जाते. हे सगळे वगळून उरणारी चूक स्ट्रिपची आहे की नाही, हे नेमकेपणाने सांगण्याचे साधन सामान्य माणसाकडे नाही, सरकारकडे आहे.

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या व्याख्येत आली आणि जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटरसह पाच उपकरणांच्या विक्रीतील नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. दोन्ही निर्णय चांगलेच होते. पण परवाना आणि किंमत यांवर थांबून चालत नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तिथल्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेची मंजुरी असलेली १८ मशीन एका स्वतंत्र चाचणीत तपासली गेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार त्यांतली फक्त ६ कसोटीला उतरली. मंजुरी सगळ्यांकडेच होती.

म्हणून विनंती अशी, की केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने राज्यांच्या अन्न व औषध प्रशासनांच्या मदतीने दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दुकानांतून व सरकारी भांडारांतून स्ट्रिपचे नमुने उचलावेत, कमी हिमॅटोक्रिटच्या रक्तावरही ते तपासावेत, आणि अनुत्तीर्ण बॅच परत मागवून त्याची माहिती मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावी. हिमॅटोक्रिटची मर्यादा खोक्याच्या बाहेर ठळक छापण्याची आणि मशीनसोबत कंट्रोल सोल्युशन देण्याची सक्ती करावी. सुरुवात गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी सरकारने स्वतः खरेदी केलेल्या स्ट्रिपपासून करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही, कारण तो माल आपल्याच भांडारांत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ