दुकान उघडल्याची बातमी येते, बंद झाल्याचीही येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डोंबिवलीच्या बदलत्या बाजारपेठेवर अख्खं पान आलं होतं. माणकोलीच्या पुलामुळे ठाणं कसं जवळ आलं, कल्याण-तळोजा मेट्रोच्या नावावर मानपाडा पट्ट्यातल्या जागा कशा महागल्या, कुठले नवे ब्रँड आले, सगळं होतं. मधोमध एका दागिन्यांच्या शोरूमच्या उद्घाटनाचा फोटो. फोटोच्या डाव्या कडेला, फुग्यांच्या कमानीमागे, एक राखाडी शटर अर्धवट दिसतं. त्यावर पांढऱ्या रंगातली 'गिर' एवढीच अक्षरं आली आहेत, 'णी' कमानीआड गेली. ते माझं दुकान. फोटो जुना असावा, कारण पुरवणी हातात पडली तेव्हा तिथे पत्रे ठोकून झाले होते आणि माझी दहा हॉर्सपॉवरची मोटर केव्हाच विकली गेली होती.

डोंबिवली पूर्वेला मी 1991 पासून पिठाची गिरणी चालवली. ती गेल्या गणपतीनंतर बंद केली. धंदा बुडाला म्हणून नाही. पुरवणीतल्या लेखात एक वाक्य होतं की छोटी दुकानं 'ऑनलाइनच्या स्पर्धेत टिकली नाहीत'. आमच्या बाबतीत हे वाक्य चुकीचं आहे, म्हणून हे पत्र.

घरघंट्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, आता तुमचं संपलं. काही गिऱ्हाइकं गेली, त्यातली निम्मी वर्षभरात परत आली. त्या यंत्रात एका वेळी पाच किलो जाईना आणि ज्वारीचं पीठ चिकट यायचं. पाकीटबंद आटा आला, त्यावर पाच टक्के जीएसटीही लागला. 2019 च्या सप्टेंबरात पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल बंद झाला, तेव्हा खरा फटका बसला. पश्चिमेचं गिऱ्हाईक दहा किलोचा डबा स्कूटरवर ठेवून ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा का घालेल? पूल सुरू व्हायला दोन वर्षं लागली. मधे 2020 आलं. तेव्हा मात्र गिरणी जीवनावश्यक म्हणून चालू होती आणि ज्यांनी कधी दळण आणलं नव्हतं ती आयटीतली पोरंसुद्धा पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. एकाने मला विचारलं होतं, "काका, गहू धुऊन आणायचे का?"

सांगायचं इतकंच की धंदा चालू होता. दळणाचा भाव किलोला आठ रुपये होता, रोजचं दोन-अडीचशे किलो सहज व्हायचं. दिवाळीत त्याच्या दुप्पट.

ज्यांचं घर गिरणीपासून लांब गेलं त्यांना आठवण नसेल, म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडे सकाळी साडेसहालाच डबे यायला लागायचे. गाडी पकडायला निघालेल्या बायका स्टेशनच्या वाटेवर डबा ठेवून जायच्या आणि रात्री परतताना न्यायच्या. कित्येकींचा आणि माझा बोलण्याचा संबंध दोन शब्दांचा, सकाळी 'बारीक' नाहीतर 'जाडं', आणि रात्री 'झालं?' डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनाव आणि मजल्याचा नंबर. पैसे महिन्याने. शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी तीन घरांच्या किल्ल्या माझ्या गल्ल्यात असायच्या. ओळखीचं गिऱ्हाईक डबा टेकवायच्या आधी एकच प्रश्न विचारायचं, "आधी काय दळलंत?" कारण बेसनाच्या मागून गहू टाकले तर पोळी पिवळी येते आणि उपासाच्या भगरीआधी जातं स्वच्छ झालं नाही तर उपास मोडतो. म्हणून आषाढी-शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी भगर आणि राजगिरा सकाळी पहिल्यांदा घ्यायचो, दगड उघडून, ब्रश मारून. हे कुठल्या पाकिटावर छापलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. आमची इमारत चार मजल्यांची, वर सोळा घरं, खाली पाच गाळे. गिरणी, फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई, झेरॉक्स आणि स्टेशनरी, घड्याळं दुरुस्त करणारा, आणि एका डॉक्टरांचा दवाखाना. इमारत पुनर्विकासाला गेली. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती पुरते, आमच्याकडे शंभर टक्के होती. त्यात मीही होतो. तिसऱ्या मजल्यावर माझं घर आहे, गुडघे गेलेले आहेत, लिफ्ट हवी होती. मला कुणी फसवलं अशी तक्रार मी करत नाही. गाळा माझ्या मालकीचा, त्यामुळे नव्या इमारतीत मला गाळा मिळणार आहे, थोडा मोठाच. फक्त करारनाम्यात एक कलम आहे, की गाळ्यात आवाज, धूळ किंवा कंपन निर्माण होईल असा कोणताही व्यवसाय करता येणार नाही. सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा पंख्याचा आवाज येत होता, इतकी शांतता. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ज्यांची दळणं मी तीस-तीस वर्षं दळली ती सगळी माणसं खुर्च्यांवर होती. वरच्या मजल्यावर कोट्यवधीचं घर घेणाऱ्याला खाली गिरणी चालणार नाही, हे बिल्डरचं म्हणणं त्यांना पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं, नाहीतर सही केली नसती.

चूक वाटते ती पुढची. मोटरला वेगळा चौथरा दिला, खाली रबरी पॅड टाकले आणि गाळा मागच्या बाजूला घेतला तर वरच्या घरात कंपन फारसं जात नाही. पिठाचा धुरळा गोळा करायला कापडी पिशव्यांचं यंत्र मिळतं. हे मी सुचवलं, पण तोवर आराखडा मंजूर झाला होता. पुढच्या बाजूला दोन मोठे गाळे विक्रीसाठी, आमचे पाच आतल्या बाजूला. थ्री फेज मीटर मी परत केलं. सुतार आणि मी मिळून धान्य ओतायचा लाकडी हॉपर काढला तेव्हा त्याच्या सांध्यात साठलेलं पीठ खाली पडलं. किती सालचं होतं कुणास ठाऊक.

बाकीचे चौघं कुठे गेले ते मला माहीत आहे, म्हणजे विचारत फिरलो म्हणून माहीत आहे. शिवणाच्या ताई आता आयरे रोडला घरातूनच काम करतात. घड्याळवाला टिटवाळ्याला राहायला गेला. तिथे त्याला दुकान नाही, तो आठवड्यातून दोनदा कल्याणात एका ओळखीच्या काउंटरवर बसतो. झेरॉक्सवाल्याने मशीन विकून टाकलं. दवाखाना तेवढा दोन गल्ल्या सोडून लागला आणि त्याचा बोर्ड पत्र्यावर अजून आहे, कारण डॉक्टरांनी फ्लेक्स छापून लावला. आम्ही कागदावर हाताने लिहून चिकटवलं होतं, ते पहिल्या पावसात गेलं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी त्या पत्र्यांपाशी चहा पीत उभा होतो. एक बाई आल्या, हातात जुना, झाकणाला फडकं बांधलेला स्टीलचा डबा. चकलीची भाजणी होती, तिचा वास डब्याबाहेर येत होता. पूर्वी इथेच राहायच्या, नंतर ठाकुर्लीला गेल्या, पण भाजणी दरवर्षी आमच्याकडेच. त्या पत्र्यांकडे पाहत राहिल्या. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, चुकीच्या गल्लीत आल्यासारख्या. मी हाक मारली तेव्हा त्यांना हायसं वाटलं, मग मी सांगितलं तेव्हा त्या रागावल्या. "अहो, कळवायचं तरी!" कळवायचं कसं? माझ्याकडे गिऱ्हाइकांची आडनावं आणि मजले आहेत, फोन नंबर नाहीत. मी डबा उचलला आणि गोग्रासवाडीत एकांच्या गिरणीवर त्यांना घेऊन गेलो. तिथला पोरगा चांगला आहे, पण दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने खडबडीत करायला हवं होतं, पीठ गरम येत होतं. मी उभं राहून सावकाश दळून घेतलं.

ते 'कळवायचं तरी' माझ्या डोक्यातून गेलं नाही. आणि मग तुमची पुरवणी आली.

संपादक महोदय, आमच्या इमारतीची बातमी तुमच्याच पेपरात एकदा येऊन गेली आहे. वकिलाची जाहीर नोटीस होती, बारीक टाइपात. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, कुणाचा हक्क असल्यास 14 दिवसांत लेखी कळवावे. तिच्यात जमिनीची चारही टोकं होती, खाली गिरणी आहे हे नव्हतं, आणि नोटिशीत ते असायचं कारणही नाही. पण बातमीत असायला हरकत काय? नवं शोरूम आलं की तीन कॉलम. त्यासाठी जे उठलं त्याला दोन ओळी द्या. 'अमुक दुकान बंद, गिऱ्हाइकांनी अमुक ठिकाणी जावे.' नावात बदल आणि हरवले-सापडले यांच्या शेजारी मावेल एवढी जागा. हवे तर शब्दाला पैसे घ्या, आम्ही देऊ.

दुसरी विनंती तुमच्या वार्ताहराला. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास होती, आता त्याहून बरीच जास्त असणार. रामनगर किंवा टिळकनगर, कुठलाही एक भाग घ्या आणि पायी फिरून मोजा. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींखाली काय होतं आणि नव्या इमारतीखाली काय आलं. चप्पल शिवणारा, इस्त्रीवाला, कल्हईवाला, गिरणी. सगळं टिकलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. कल्हईवाला गेला तेव्हा मीही नॉनस्टिकच घेतलं. पण जी गेली ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून गेली की करारातल्या एका कलमामुळे, एवढं तरी वेगळं काढा. आणि आराखडे मंजूर करणाऱ्यांना विचारा की यंत्र चालेल असा एक गाळा मागच्या बाजूला ठेवायला काय अडतं.

छापायचं ठरवलंत तर पहिल्या दोन ओळी माझ्याच घ्या. गिरणी बंद करताना सहा डबे राहिले होते, तीन नेले. एक पितळी कडीचा, त्यात बाजरी, चिठ्ठी पुसली आहे. एक निळ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा, 'जोशी 2 रा मजला', इमारतीचं नाव नाही, आणि डोंबिवलीत जोशी किती! तिसरा रिकामा, तळाला 'सौ. माई' असं कोरलेलं. पत्र्यांसमोरच्या चहावाल्याला सांगून ठेवलं आहे, संध्याकाळी पाचनंतर मी तिथेच असतो. बाजरी मी बदलून ठेवली आहे.

आपला,
एक गिरणीवाला
डोंबिवली (पूर्व)