माइकचा स्टँड खाली करून गेलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवेदन केलेला आमचा कार्यक्रम होऊन तीन आठवडे झाले. दुसऱ्याच दिवशी फोनवर ‘थँक्यू’ म्हणून आम्ही मोकळे झालो होतो, पण त्याने मनाचे समाधान झाले नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे, आणि तेही चारचौघांत, कारण तुम्ही जे केलेत ते चारचौघांतच केलेत. आमच्या बँडचे नाव मात्र मुद्दामच लिहीत नाही. आभाराच्या आडून जाहिरात केली असे कोणी म्हणायला नको.

आम्ही चौघे आहोत. गाणी लिहिणारी, त्यांना चाली लावणारी आणि गाणारी एकच. तिच्या जोडीला एक गिटारवाला, एक बेसवाला आणि कहोन, म्हणजे वर बसून हातांनी वाजवायचे खोक्यासारखे तालवाद्य, वाजवणारा मी. पाठीशी ना कुठली कंपनी, ना सिनेमा. रेकॉर्डिंगचा खर्च चौघांच्या पगारातून निघतो. ती मूळची सटाण्याकडची. आजीच्या तोंडच्या अहिराणी ओव्या ऐकत वाढली, पुढे पेटी शिकली आणि कॉलेजात असताना सिंथेसायझरच्या नादी लागली, त्यामुळे तिच्या एका गाण्यात जात्याची घरघर असते, दुसरे थेट नाचायला लावणारे पॉप असते आणि तिसरे सहा मात्रांच्या दादऱ्यात इतक्या हळू चालते की मला कहोनवर नुसती बोटांची टोके टेकवावी लागतात. खरे तर हे कौतुकाचे कारण व्हायला हवे होते, पण आजवर तेच आमच्या मुळावर आले. “म्हणजे तुमचे नक्की काय? भावगीत, लोकगीत की रॉक?” असे विचारणारे आयोजक आम्हाला पुष्कळ भेटले, उत्तर ऐकायला थांबलेले फारसे आठवत नाहीत.

एका समारंभात आमची ओळख ‘आता एक छोटासा ऑर्केस्ट्रा’ अशी करून देण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी सत्काराच्या हारांचे तबक ठेवायला स्टूल मिळेना, तेव्हा कार्यकर्त्यांनी माझा कहोन उचलून नेला, आणि पाहुण्यांची भाषणे संपेपर्यंत आम्ही पडद्यामागे त्याची वाट पाहत बसलो. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाणाऱ्याला समाजात मानाने उभे करण्यासाठी हयात घालवली, ते उत्तरायुष्यात याच शहरात, नाशिकमध्ये, राहिले आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले, हे त्या दिवशी पडद्यामागे आठवून मला हसू आले होते. निदान गीतकाराचे नाव तरी घ्या, अशी विनंती केल्यावर एका निवेदकांनी “नाव कशाला, लोकांना गाणे हवे आहे,” असे सुनावले. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि आपला कॉपीराइट कायदाही त्याच वर्षीचा. रचना आपली आहे हे सांगण्याचा हक्क त्याच्या ५७व्या कलमाने रचनाकाराला दिला आहे. पण रेडिओवरच्या निवेदकांना गीतकार-संगीतकाराचे नाव घ्यायला कधी कलम दाखवावे लागले नसावे.

तुम्ही कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या तालमीच्या खोलीवर आलात. डिसेंबरची थंडी, तुम्ही स्कूटरवर, कानाला मफलर. गाडीवरून उतरल्यावर बोटे चोळत तुम्ही आधी चहा नको म्हणालात आणि मग अर्धा घेतलात. तिची गाण्यांची वही मागून घेतलीत, दोन गाणी ऐकलीत, एका अहिराणी शब्दाचा उच्चार तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलात आणि आमच्या चौघांची नावे पाठकोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून घेतलीत. निघताना दारात चप्पल घालता घालता तुम्ही तिला सहज विचारलेत, “तू बसून गातेस की उभी राहून?”

ताई, हा प्रश्न आम्हाला त्याआधी कोणीही विचारला नव्हता. ती पेटी घेऊन बसून गाते, आणि उभ्या निवेदकाच्या उंचीचा माइक तसाच सोडून दिला की तिला पहिले कडवे मान वर करून म्हणावे लागते; आवाज गळ्यात अडकतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की मुलगी घाबरली आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमची ओळख करून दिलीत ती जेमतेम दोन मिनिटांची होती. भावगीत की रॉक, या भानगडीत तुम्ही पडलाच नाहीत. “शब्द हिचे, चाल हिची,” असे म्हणून तिचे नाव घेतलेत, मग आम्हा तिघांची घेतलीत, आणि तो अहिराणी शब्द इतका चोख उच्चारलात की मागच्या रांगेतून कोणीतरी दाद दिली. एवढे करून तुम्ही विंगेत निघून गेला असतात तरी आम्ही ऋणीच राहिलो असतो. पण तुम्ही हातातला कागद काखेत धरलात, स्टँडचा स्क्रू सैल केलात, माइक बसलेल्या माणसाच्या ओठांपर्यंत खाली आणलात, स्क्रू पुन्हा आवळलात, तिच्याकडे पाहून मान हलवलीत आणि मगच गेलात. त्या अर्ध्या मिनिटात आमच्या गिटारवाल्याचेही काम झाले. बाहेरच्या गारठ्यात जुळवलेल्या तारा दिव्यांच्या उष्णतेने उतरल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे तुमच्या हाताकडे असताना त्याने त्या गुपचूप वर चढवल्या.

मोठमोठ्या शब्दांत कलेचा गौरव करणारी माणसे आपल्याकडे उदंड आहेत. समोरचा बसल्यावर माइक कुठवर खाली यायला हवा हे आदल्या दिवशी विचारणारी, आणि लक्षात ठेवून तेवढे करणारी माणसे थोडी. सभ्यता मी तरी यालाच म्हणतो. तिने पहिली ओळ मान खाली ठेवून, डोळे मिटून म्हटली. इतक्या वर्षांत तिचा खालचा षड्ज मी रंगमंचावर प्रथमच स्पष्ट ऐकला आणि क्षणभर माझी सम चुकली, ती चूक मात्र पूर्णपणे माझी.

त्या संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणे सुरू होण्याआधी तुमच्या त्या स्क्रूची किरकिर आली आहे. मिक्सिंग करणारा मित्र ती कापून टाकतो म्हणाला होता. तिने कापू दिली नाही.

आपला कृतज्ञ,
बँडमधला कहोनवाला
नाशिक