ट्रॅकरमध्ये झपताल

महोदय,

जुन्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे ओळीओळीने सूर-बोल लिहून संगीत रचण्याच्या संगणक प्रणालीत, आपले ताल बसत नाहीत, हा ग्वाल्हेरातही ऐकू येणारा समज चुकीचा आहे. अमिगा संगणकावरील १९८७ पासूनच्या मॉड फाइलीत (ट्रॅकरच्या गाण्याच्या फाइलीत) पॅटर्नला, म्हणजे गाण्याच्या एका तुकड्याला, ६४ ओळी असतात. मात्रेला ४ धरल्या की सोळा मात्रांचा तीनताल नेमका मावतो. दहा मात्रांच्या झपतालाला ४० ओळीच लागतात. उरलेल्या २४ रिकाम्या वाजतात आणि सम (तालाची पहिली मात्रा) हुकते. म्हणून शून्यापासून मोजून ३९व्या ओळीवर 'डी००' ही पॅटर्न तिथेच तोडण्याची आज्ञा लिहावी, लगेच पुढचा पॅटर्न सुरू होतो. तबला आणि डग्गा वेगळ्या चॅनलवर (एका वेळी एकच आवाज वाजवणाऱ्या मार्गावर) ठेवावेत. एकाच चॅनलवर पुढचा बोल पडताच डग्ग्याची आस (रेंगाळणारा नाद) तुटते, आणि आस नसलेला डग्गा म्हणजे नुसता डबा! चॅनल चारच, तेव्हा तानपुऱ्यासाठी एक आधीच राखावा.

एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर