ज्यांनी माझा शब्द पोहोचवला त्यांना

मी मूळची नगरकडची. चर्चच्या आरोग्यसेवेत नर्स म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात आले, तेव्हा वाटलं होतं, मराठी येते म्हणजे झालं. पहिल्याच पाड्यावर कळलं, इथल्या बायांची बोली पावरी. माझं पुस्तकी मराठी त्यांना परकंच.

सगळ्यात आधी आभार त्या मावशींचे, ज्यांनी ओसरीवर बसवून मला शब्द शिकवले. एकदा सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून बाळाला येणारा रक्ताचा आजार, समजावताना मी अडखळले. मावशींनी सूप ओढलं. आईचा एक ज्वारीचा दाणा, एक उडदाचा, बापाचेही तसेच; उडीद म्हणजे आजाराचा दाणा. दोघांकडचा एकेक उचलत त्यांनी चार जोड्या मांडल्या. एका जोडीत दोन्ही उडीद. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे असा एकेकच दोष अंगात असलेले, असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हे मी तासभर सांगत होते. त्यांनी दोन मिनिटांत दाखवलं. दोष एकट्या आईचा नाही, हेही. एक सून तिथेच रडली.

पंडिता रमाबाई 1922 साली वारल्या, तोवर साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी झटत राहिल्या. त्या कष्टाचं मोल मला त्या ओसरीवर उमगलं.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या गर्दीत माझी एसटी चुकली, तेव्हा घरी नेऊन भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढणाऱ्या ताई, तुम्ही माझा धर्म विचारला नाहीत, फक्त पाय धुवायला पाणी दिलंत. तुमचेही मनापासून आभार.

मावशी, पाऊस ओसरला की येते.