एसटी: एक पत्र

नाशिक,
१२ जून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वडील घरी आले आहेत आणि त्यांना जेवण जाऊ लागले आहे, हे आधी सांगतो. त्या रात्री हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर सहकाऱ्याला म्हणाले, ‘एसटी वर गेली आहे,’ आणि ज्यांनी तीस वर्षे वाहकाची नोकरी केली त्या आमच्या वडिलांनी ग्लानीतच विचारले, ‘कुठल्या डेपोची?’ मला रडूच आले.

नंतर डॉक्टरांनी मला समजावले. आइंथोव्हेन या डच शास्त्रज्ञांनी आलेखातील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीने अक्षरे दिली. त्यातील एस संपून टी सुरू होईपर्यंतचा तुकडा म्हणजे एसटी. तो एरवी आलेखाच्या आधाररेषेलगत असतो, पण हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली की बहुधा वर उचलला जातो. म्हणजे ही एसटी कोणत्याही शब्दांचे लघुरूप नाहीच.

वडिलांची एसटी मात्र १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघालेली. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ हे मूळ शब्द आपल्या आजीला ठाऊक नव्हते, तरी ‘एसटी आली’ म्हणताना तिने त्या दोन अक्षरांना स्त्रीलिंग दिले, ‘एसट्या’ असे अनेकवचनही केले. असा लघुशब्द मराठीच झाला, असे मी मानतो.

तुझ्या आश्रमशाळेच्या रजिस्टरातील एसटीबद्दल मला तसे म्हणवत नाही. अनुसूचित जमाती, म्हणजे ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’, ही संज्ञा संविधानातील आहे, तिच्यामागे हक्क आहेत. अनुच्छेद ३४२ प्रमाणे यादी राज्यवार ठरते, त्यामुळे एखादा समाज एका राज्यात त्या यादीत असतो आणि दुसऱ्या राज्यात नसतो. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा समावेश २००३ साली झाला. इतक्या अर्थाच्या संज्ञेची दोन अक्षरे करून ‘एसटीची पोरे’ असे कोणी वर्गात म्हटले, की वारली, कोकणा, ठाकर ही मुलांची स्वतःची नावे पुसली जातात. अर्जाच्या चौकटीत जागा कमी असते, हे मान्य. बोलताना तशी अडचण नसते. तू वर्गात नाव घेऊन बोलतोस, हे मी पाहिले आहे आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की वडिलांना घेऊन जव्हारला येईन. गाडी करू म्हटले, तर ते एसटीचाच हट्ट धरून बसले आहेत. सकाळची गाडी सोयीची की दुपारची, ते कळव.

तुझा,
बाळू