चाचणी मिरर, म्हणजे संकेतस्थळाची चाचणीसाठीची प्रत, सांभाळणाऱ्या स्नेह्यांस

प्रिय स्नेही,
सप्रेम नमस्कार.

प्रकल्पाच्या संकेतस्थळाची मराठी पानं आता मराठीतच उघडतात, ती तुमच्यामुळे. म्हणून हे पत्र.

मराठी निवडूनही इंग्रजी पान दिसतं, ही तक्रार जुनी. ‘ब्राउझरची सेटिंग तपासा’ एवढं सांगून आम्ही ती बंद करत आलो, हे चुकलंच. तुम्ही ती पुन्हा उघडलीत आणि ब्राउझर नेमकं काय मागतो ते दाखवलंत: ‘एमआर-आयएन, ईएन;क्यू=०.८’, म्हणजे आधी भारतातली मराठी, नाहीतर ०.८ वजनाची इंग्रजी. आपल्या फाइलींवर खूण आहे ती नुसत्या ‘एमआर’ची. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या संकेतस्थळासारखी आपलीही मांडणी, एकाच पत्त्यामागे प्रत्येक भाषेची वेगळी फाइल, आणि कुठली द्यायची ते अपाची हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर ठरवतं. ‘एमआर-आयएन’ मागणाऱ्याला ‘एमआर’ द्यायची त्याची तयारी असते, पण तिचं वजन धरतं अवघं ०.००१. समोर ०.८ची इंग्रजी असल्यावर मराठीचा निभाव कसा लागणार!

दुरुस्ती एका ओळीची निघाली. अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज, म्हणजे ब्राउझरची भाषेची मागणी, ‘एमआर’ने सुरू होत असेल, तर सेटएन्व्हइफ या अपाचीच्या सूचनेने पसंतीची भाषा ठरवणाऱ्या ‘प्रेफर-लँग्वेज’मध्ये ‘एमआर’ भरायचं. जिथे मराठी पान नाही तिथे नेहमीची निवड चालते, त्यामुळे अर्धवट अनुवादाच्या विभागांनाही धक्का लागला नाही.

पण आमच्या मते त्या ओळीहून मोलाचा तुमचा मिरर. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर तो उभारणं सोपं होतं, पण भाषेनुसार फाइल निवडणं त्यात मुळात नाही. तिथे पान मागितलं की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं उत्तर आलं असतं आणि खरा दोष झाकलेलाच राहिला असता. तुम्ही मुख्य सर्व्हरवरचंच अपाची आणि तीच सेटिंग ठेवलीत. फाइली मिररवर उतरवणाऱ्या आरसिंकला, जुन्या फाइली काढणाऱ्या ‘डिलीट’सोबत ‘डिले-अपडेट्स’ जोडलंत, म्हणून नव्या फाइली आधी बाजूला साठतात, शेवटी झपाट्याने जागेवर जातात, आणि अर्धी जुनी अर्धी नवी पानं तपासायची वेळ सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट. चाचणीची पानं गूगलमध्ये येऊ नयेत म्हणून रोबोट्सच्या फाइलीत बंदी घालायची, हे पटकन सुचतं. पण बंदी असली की क्रॉलर, म्हणजे गूगलचा पानं वाचणारा प्रोग्रॅम, पान उघडतच नाही, मग त्यावरचं ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘शोधात घेऊ नका’ ही खूण, त्याला दिसणार कसं? बाहेरून कुणी दुवा दिला तर पत्ता शोधात येऊ शकतोच. तुम्ही वाट मोकळी ठेवलीत आणि सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमध्ये ‘नोइंडेक्स’ पाठवलंत.

आता कुठलाही बदल मुख्य सर्व्हरवर चढवण्याआधी आम्ही तुमच्या मिररला कर्ल या आज्ञेने ब्राउझरची तीच भाषेची मागणी पाठवतो आणि उत्तरातली पानाची भाषा सांगणारी ‘कंटेंट-लँग्वेज’ची ओळ वाचतो. तिथे ‘एमआर’ दिसलं, तरच पुढे.

मनापासून आभार.

आपले,
मराठी अनुवाद गटातले सगळे